गेममध्ये मल्टिथ्रेडिंग वापरावं की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही चौघं मिळून लहान गेम बनवतो. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं, म्हापसा-मडगावकडचे नवे डेव्हलपर आपापले गेम दाखवायला येतात, आणि चहा संपायच्या आत हा प्रश्न निघतोच: गेम अडखळतोय, मशीनमध्ये आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, मग थ्रेड घालू का? आम्हीही कधीतरी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर आम्ही एक गेम करत होतो आणि त्याने आम्हाला यातलं बरंच शिकवलं. पुढच्या उत्तरांत तो बाजार वारंवार येईल.

थोडक्यात सांगा, माझ्या गेमला मल्टिथ्रेडिंग लागेल का?

युनिटी, गोडो किंवा अनरियल या इंजिनांमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, एकट्याने किंवा दोघा-तिघांत पहिला-दुसरा गेम करत असाल, तर गेमच्या नियमांच्या कोडमध्ये स्वतःचे थ्रेड बहुधा लागणार नाहीत. फाइल लोड करणं, सेव्ह करणं, मोठा नकाशा तयार करणं अशा कामांना लागतील. पडद्यावर हजारो पात्रं किंवा गोळ्या असतील, तर विचार करावा लागेल, पण मोजमाप झाल्यावर.

कोअर किती आहेत यावर हा निर्णय घेऊ नका. कोणती माहिती कोण वाचतं, कोण बदलतं आणि फ्रेममध्ये (पडद्यावरचं एकेक चित्र तयार होताना) केव्हा बदलतं, हे तुम्हाला एका कागदावर लिहून दाखवता आलं, तर तुम्ही थ्रेडसाठी तयार आहात. लिहिता आलं नाही, तर अजून तयार नाही.

थ्रेड म्हणजे नेमकं काय?

प्रोग्रॅमच्या आत क्रमाने चालणारी सूचनांची एक धार. एकाच प्रोग्रॅममध्ये अशा अनेक धारा असू शकतात आणि वेगवेगळ्या कोअरवर त्या खरोखर एकाच क्षणी चालतात. त्या सगळ्यांची मेमरी मात्र एकच असते. फायदा तिथे आहे आणि सगळी दुखणीही तिथेच आहेत.

गेम अडखळतोय. सुरुवात कुठून करू?

प्रोफायलरपासून, म्हणजे कोडच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या साधनापासून. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३. त्या वेळेत खेळाडूचं बटण वाचायचं, पात्रं हलवायची, टकरा तपासायच्या आणि चित्र काढायचं. यातला वेळ नक्की कुठे जातोय, हे अंदाजाने सांगता येत नाही. आम्ही अंदाज केला होता आणि तो चुकला होता.

पहिला तपास दोन मिनिटांचा आहे. गेमचं रिझोल्यूशन निम्मं करा. फ्रेमचा वेग एकदम सुधारला तर अडचण ग्राफिक्स कार्डाकडे आहे आणि मुख्य प्रोसेसरवर कितीही थ्रेड घातले तरी काही हाती लागणार नाही. फरक पडला नाही, तर प्रोसेसरकडे बघा.

दुसरी गोष्ट: गेम सतत हळू आहे की मधूनच झटका खातो? हे दोन वेगळे आजार आहेत. सतत हळू असेल तर दर फ्रेमला काम जास्त होतंय. मधूनच झटका बसत असेल तर बहुतेक वेळा फाइल लोड होत असते, शेडर (चित्र रंगवणारा ग्राफिक्स कार्डावरचा छोटा प्रोग्रॅम) तयार होत असतो किंवा सी शार्प या भाषेचा गार्बेज कलेक्टर नको असलेली मेमरी झाडत असतो. कलेक्टरचा झटका थ्रेडने जात नाही. दर फ्रेमला नवे ऑब्जेक्ट बनवणं थांबवलं की जातो.

आणि मोजमाप एडिटरमध्ये नको. तयार बिल्डवर (खेळाडूला देतो त्या प्रतीवर) करा, आणि तुमचा खेळाडू जो फोन वापरतो त्या फोनवर करा.

आठ कोअर असून एकच राबतोय, हे वाया घालवणं नाही का?

मुळात एकच राबत नाही. अनरियलमध्ये गेमचा थ्रेड वेगळा आणि चित्र काढणारा वेगळा असतो. युनिटीचं भौतिकशास्त्र, अॅनिमेशन आणि आवाज आतल्या आत कामं वाटून घेतात. आवाजाचा थ्रेड तर जवळपास प्रत्येक इंजिनमध्ये स्वतंत्र असतो, कारण ४८,००० हर्ट्झवर ५१२ नमुन्यांचा बफर (आधी भरून ठेवलेला आवाजाचा साठा) जेमतेम १०.७ मिलिसेकंद पुरतो आणि तो वेळेत भरला नाही तर कानाला लगेच खरखर कळते.

हा प्रश्न का पडतो ते मात्र मला समजतं. २००५ च्या आसपास प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झचा आकडा वाढणं जवळपास थांबलं आणि कोअर वाढू लागले. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन कोअर होते. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ होते, पण प्रत्येक १.६ गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्लेस्टेशन ३ च्या ३.२ च्या निम्म्या आकड्यावर. मोठ्या स्टुडिओंना काम वाटण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पण वाटण्याला मर्यादा असते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरात नेवऱ्या (करंज्या) करताना आठवा. पुऱ्या लाटायला आणि सारण भरायला दहा हात बसू शकतात. कढई एकच. हात वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर भरलेल्या नेवऱ्या ताटात पडून राहतात आणि सगळे कढईकडे बघत बसतात. संगणक अभियंते जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये संगणकाबद्दल हेच मांडलं. तुमच्या फ्रेममधलं ६० टक्के काम वाटता येण्यासारखं असेल, तर चार कोअरवर वेग चौपट होत नाही, सुमारे १.८ पट होतो. कोअर अगणित दिले तरी अडीचपटीच्या पुढे जात नाही. उरलेलं ४० टक्के काम म्हणजे ती कढई.

फोनवर आणखी एक बाब आहे. तिथले सगळे कोअर सारखे नसतात, काही जोरकस आणि काही बॅटरी वाचवणारे. सगळे एकदम राबवले की फोन तापतो आणि तापला की स्वतःचा वेग उतरवतो. मे महिन्यातल्या दुपारी फोंड्याच्या बसमध्ये तुमचा गेम खेळणाऱ्या मुलाच्या हातात हा फोन असतो. पहिली पाच मिनिटं छान चाललेला गेम विसाव्या मिनिटाला कसा चालतो, ते तपासा.

थ्रेड न घालता वेग वाढतो का?

खूप वाढतो, आणि आमचा सगळ्यात मोठा धडा हाच होता.

बाजाराच्या गेममध्ये गर्दीची ८०० माणसं होती. मासळीच्या ओळीत, हरमलच्या मिरच्यांपाशी, मयड्याच्या केळ्यांपाशी ती फिरत, थांबत, एकमेकांना चुकवत. गर्दी पुरती भरली की फ्रेमला ४० मिलिसेकंद लागत. आम्ही थेट थ्रेडवर उडी मारली आणि तीन आठवडे त्यात घालवले. नंतर प्रोफायलर नीट वाचला, तेव्हा दिसलं की प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येक माणसापासूनचं अंतर दर फ्रेमला मोजत होता. ८०० गुणिले ७९९, म्हणजे ६,३९,२०० तपासण्या.

मग बाजाराची जमीन चौकटींत वाटली आणि माणूस फक्त आपल्या आणि लगतच्या आठ चौकटींतल्या लोकांकडे बघू लागला. पुढे असंही केलं की ‘आता कुठे जायचं’ हा निर्णय दर फ्रेमला ८० जणच घेतील. ६० फ्रेमच्या हिशेबाने तरीही प्रत्येकजण सेकंदाला सहादा निर्णय घेतो, आणि बाजारात हिंडणाऱ्या माणसाला तेवढे पुष्कळ झाले. हे सगळं दोन दिवसांत झालं, एकाच थ्रेडवर, आणि फ्रेम १६ मिलिसेकंदांच्या आत आली.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी अल्गोरिदम (हिशेबाची पद्धत), मग काम अनेक फ्रेममध्ये पसरवणं, मग माहिती मेमरीत सलग मांडणं, आणि त्यानंतर थ्रेड.

कोणती कामं दुसऱ्या थ्रेडवर द्यायला चांगली?

ज्यांचं उत्तर याच फ्रेममध्ये नको असतं आणि ज्यांना द्यायची माहिती आधीच वेगळी काढून देता येते, अशी. डिस्कवरून फाइल वाचणं आणि उलगडणं. पुढचा नकाशा तयार करणं. लांबची वाट शोधणं. नेटवर्कवरून येणारा मजकूर वाचणं.

सेव्ह करण्याचं उदाहरण घेण्यासारखं आहे, कारण ते जवळपास प्रत्येक गेमला लागू पडतं. मुख्य थ्रेडवर गेमच्या अवस्थेची एक प्रत काढायची, ती प्रत दुसऱ्या थ्रेडला द्यायची आणि तिच्याकडे परत बघायचंही नाही. तो थ्रेड निवांतपणे फाइल लिहितो. आधी तात्पुरत्या नावाने लिहून, पूर्ण झाल्यावर नाव बदललं तर मध्येच वीज गेली तरी जुनी सेव्ह फाइल शाबूत राहते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको.

याउलट बटणं, मेन्यू, आणि ‘हे झालं म्हणून ते झालं’ अशा साखळीतलं काम मुख्य थ्रेडवरच ठेवा.

एका कामासाठी थ्रेड सुरू करणं महाग असतं का?

काम लहान असेल तर हो. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन कोथिंबिरीची एक जुडी आणणं कुणाला परवडतं? बोट लागेपर्यंत थांबा, पार जा, जुडी घ्या, परतीच्या बोटीची वाट बघा. दहा घरांचा बाजार एकदम आणायचा असेल तर गोष्ट वेगळी. काम दुसऱ्या थ्रेडला पोचवणं, त्याला जागं करणं आणि उत्तर परत आणणं, यात वेळ जातोच. एकेक पात्र वेगळं पाठवू नका, शंभराचा गठ्ठा करून पाठवा.

मग थ्रेड हाताने बनवू की जॉब सिस्टम वापरू?

जॉब सिस्टम. यात कामगार थ्रेड सुरुवातीलाच तयार असतात, तुम्ही रांगेत कामं टाकता आणि जो मोकळा असेल तो उचलतो.

नॉटी डॉग या स्टुडिओने २०१५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपली पद्धत उघड करून सांगितली होती. प्लेस्टेशन ३ वरचा गेम प्लेस्टेशन ४ वर ६० फ्रेमने चालवायचा होता. त्यांनी सहा कामगार थ्रेड ठेवले आणि त्यांवर १६० फायबर, म्हणजे अर्ध्यावर थांबवून नंतर तिथूनच पुढे नेता येणारी हलकी कामं. ती रचना आज वाचतानाही मला आनंद होतो. पण त्यामागे स्वतःचं इंजिन आणि अनुभवी माणसांची मोठी फौज होती. तुमच्याकडे इंजिनने तयार करून दिलेली जॉब सिस्टम आहे, ती वापरा.

कामगार थ्रेड किती ठेवायचे?

साधारण उपलब्ध कोअरपेक्षा एक कमी. पन्नास थ्रेड केल्याने पन्नासपट काम होत नाही, ते एकमेकांना बाजूला सारण्यात वेळ घालवतात.

माझ्या इंजिनमध्ये काय चालतं?

युनिटी: गेम ऑब्जेक्टना हात लावणारी बहुतेक सगळी फंक्शनं मुख्य थ्रेडवरच चालतात. २०१८ पासून सी शार्प जॉब सिस्टम आहे. कोणता जॉब कुठली माहिती फक्त वाचतो आणि कुठली लिहितो, हे ती तुमच्याकडून वदवून घेते आणि दोन जॉब एकाच माहितीवर लिहू लागले तर एडिटरमध्येच अडवते. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. जोडीला बर्स्ट कंपायलर (तोच कोड प्रोसेसरसाठी जास्त वेगवान करून देणारं युनिटीचं साधन) वापरलात तर अनेकदा एकाच थ्रेडवर इतका वेग मिळतो की पुढचा प्रश्न उरत नाही.

गोडो: चालू असलेलं सीन ट्री (गेममधल्या सगळ्या वस्तूंची रचना) दुसऱ्या थ्रेडवरून बदलू नका. हिशेब तिकडे करा आणि निकाल ‘कॉल डिफर्ड’ने मुख्य थ्रेडकडे द्या. गोडो ४ मध्ये ‘वर्कर थ्रेड पूल’ आयता मिळतो आणि सीन मागच्या मागे लोड करण्याची सोयही आहे.

अनरियल: कामं थ्रेडमध्ये वाटणारा टास्क ग्राफ आहे, पण ॲक्टर (गेममधली पात्रं, वस्तू) तयार करणं आणि हलवणं गेम थ्रेडवरच करा.

ब्राउझर: इथे जास्त जपायला हवं. थ्रेडमध्ये मेमरी वाटून घेणारा ‘शेअर्ड अॅरे बफर’ जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर ब्राउझरांनी बंद केला. पुढे तो परत आला, पण सर्व्हरने पान इतर साइटांपासून वेगळं ठेवणारे ठरावीक हेडर पाठवले तरच चालतो. युनिटीच्या वेब बिल्डमध्ये सी शार्पचे थ्रेड चालत नाहीत. गोडोने २०२४ च्या ४.३ आवृत्तीत एकाच थ्रेडवर चालणारं वेब बिल्ड पुन्हा दिलं, आणि लहान गेमसाठी मी तेच निवडतो.

रेस कंडिशन म्हणजे काय? खरंच इतकं वाईट असतं?

त्या तीन आठवड्यांतली गोष्ट सांगतो. आमच्या बाजारातल्या केळीवालीकडे शेवटचा एक घड उरला होता. दोन गिऱ्हाइकं दोन वेगळ्या थ्रेडवर चालत होती. पहिल्याने पाहिलं: घड आहे. त्याने तो घेण्याआधी दुसऱ्याने पाहिलं: घड आहे. दोघांनी पैसे दिले, दोघांनी घड उचलला, आणि केळीवालीच्या टोपलीत उणे एक घड शिल्लक राहिला. त्यानंतर रिकामी टोपली ओळखणारा कोड चालेना, कारण तो शून्य शोधत होता. ती केळीवाली दिवसभर विकत राहिली.

हे दहा वेळा खेळून एकदाच व्हायचं. शोधायला लॉग लिहायला सुरुवात केली की व्हायचंच नाही, कारण लॉग लिहिण्याने वेळ किंचित सरकत होती. अशी चूक माणसाला रात्री झोपू देत नाही. चुकत नेमकं काय होतं? तपासणं आणि उचलणं या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्याला शिरायला जागा होती. सी प्लस प्लसमध्ये तर असा गोंधळ भाषेच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम काय करेल याची हमी कुणीच देत नाही.

मग सगळीकडे लॉक लावू का?

नको. लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला माहितीला हात लावू देणारं कुलूप. त्याने ती जागा बंद होते, पण दुसरा धोका उभा राहतो. पहिल्या थ्रेडने टोपलीचा लॉक घेतला आणि पाकिटाच्या लॉकची वाट बघतोय. दुसऱ्याने पाकिटाचा घेतला आणि टोपलीची वाट बघतोय. आमच्या गावांतल्या, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती असलेल्या वाटेत दोन गाड्या समोरासमोर याव्यात आणि कुणालाच मागे घेता येऊ नये, तसा गेम जागच्या जागी थांबतो. लॉक नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने घेतले तर हे टळतं. शिवाय लॉक फार झाले की सगळे थ्रेड एकाच दारापाशी रांगेत उभे राहतात आणि वाटून घेतल्याचा फायदा संपतो.

थ्रेडच्या त्या प्रयोगात आम्ही शेवटी मांडणीच बदलली, ती अशी. प्रत्येक फ्रेममध्ये गिऱ्हाइकं मागच्या फ्रेमची अवस्था फक्त वाचतात आणि ‘मला घड हवा’ अशी मागणी आपापल्या यादीत लिहितात. सगळे जॉब संपले की मुख्य थ्रेड त्या याद्या क्रमाने घेतो आणि घड कुणाला मिळाला ते ठरवतो. वाचताना कुणी बदलत नाही, बदलताना दुसरं कुणी वाचत नाही. लॉक एकही नाही.

एक बारकावा सांगून ठेवतो. दोन थ्रेड वेगवेगळ्या पण मेमरीत शेजारी असलेल्या जागांवर लिहीत असतील तरी वेग पडतो. प्रोसेसर मेमरी एकेका बाइटने हाताळत नाही, बहुतेक मशीनवर ६४ बाइटांच्या ओळींनी हाताळतो, आणि ती ओळ दोन कोअरमध्ये ओढली जाते. प्रत्येक थ्रेडची यादी वेगळी ठेवण्याचं हेही एक कारण.

मल्टिप्लेअर किंवा रीप्ले असेल तर?

जास्त जपा. प्रत्येक मशीनवर तोच हिशेब करून तेच उत्तर यावं, यावर तुमची रचना उभी असेल तर थ्रेड कोणत्या क्रमाने संपले याचा परिणाम निकालावर होता कामा नये. दशांश संख्यांची बेरीज वेगळ्या क्रमाने केली तर शेवटचे अंक बदलू शकतात, आणि तेवढ्याने दोन खेळाडूंचे गेम काही मिनिटांत वेगळ्या वाटेला लागतात. निकाल नेहमी पात्राच्या क्रमांकाने एकत्र करा, जो आधी संपला त्याच्या क्रमाने नको.

या चुका पकडायच्या कशा?

सी प्लस प्लस लिहीत असाल तर क्लँग आणि जीसीसी या कंपायलरमधला थ्रेड सॅनिटायझर (अशा टकरा शोधणारं साधन) लिनक्सवर चालवा. प्रोग्रॅम पाच ते पंधरापट हळू होतो, पण जिथे दोन थ्रेड एकमेकांच्या पायात येतात ती ओळच दाखवतो. आणि कुठलंही इंजिन असो, कामगारांची संख्या एक करणारा स्विच पहिल्या दिवसापासून ठेवा. चूक आली की एक कामगार करून बघा. तरीही येत असेल तर ती साधी चूक आहे, थ्रेडला दोष देऊ नका.

नोकरीसाठी हे शिकावं का?

नक्की शिका. फक्त तुमच्या प्रकाशित होणाऱ्या गेमवर शिकू नका. हजार ठिपके एकमेकांना चुकवत फिरतात असा छोटा प्रोग्रॅम करा, एका थ्रेडवर मोजा, चारवर मोजा, आणि आकडे का तसे आले ते लिहून काढा. मुलाखतीत तो कागद बोलतो.

गेम अर्धा झालाय आणि आता थ्रेड घालायचे ठरवलंय. कसं करू?

एका वेळी एकच यंत्रणा बाहेर काढा, वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर). सुरुवात लोडिंग किंवा सेव्हपासून करा, कारण तिथे देवाणघेवाण एकदाच होते. आधीचे आणि नंतरचे मिलिसेकंद त्याच फोनवर मोजून लिहून ठेवा. आधीच दोन आठवड्यांची मुदत घाला, आणि त्यात दिसण्याजोगा फरक पडला नाही तर ब्रँच सोडून द्या. सोडून द्यायला जड जातं, आम्हालाही गेलं होतं. आज आमच्या बाजारात दोनच कामं मुख्य थ्रेडबाहेर आहेत: सेव्ह फाइल लिहिणं आणि वाट शोधणं. ती आठशे माणसं पुन्हा एकाच थ्रेडवर फिरतात, आणि केळीवाली शेवटचा घड विकला की टोपली उचलून घरी जाते.